जिंकला तर गावचा, हरला तर वस्तादाचा

जत्रेतला फड उठला की चहाच्या हॉटेलात दुसरा फड बसतो. पहिल्यात पैलवान लढतात, दुसऱ्यात शौकीन, आणि दुसऱ्या फडातली कुस्ती कधीच निकाली निघत नाही. भोकरदनला बसा, अंबडला बसा, नाहीतर जालन्यात गांधी चमनला बसा. जो तो कपबशी आपटून एकच निकाल देतो : वस्ताद गेले आणि कुस्ती गेली.

हे म्हणणारे स्वतःला जाणकार समजतात, तेव्हा त्यांचं म्हणणं आधी नीट मांडू. गणपतराव आंधळकर होते तोवर कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत दम होता. हरिश्चंद्र बिराजदार मामा होते तोवर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिस्त होती. आता उरले ते नुसते फी घेणारे. पूर्वीचा वस्ताद पहाटे तीनला उठवायचा, चुकला की काठीने फोडायचा आणि रात्री पठ्ठ्याच्या ताटात आपल्या हाताने तूप वाढायचा. आताचा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. त्यात गादी आली, गुण आले, शिट्टी आली आणि मातीतला मर्द संपला. जालन्याला तर कधी धड वस्तादच लाभला नाही, नाहीतर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा आज इथेच असती. मग उपाय? वस्ताद बदला. पठ्ठा हरला, वस्ताद बदला. तालीम मागे पडली, वस्ताद बदला. जिवंत आहे तो नालायक, गेला तो देवमाणूस. आजचा वस्ताद उद्या गेला की तोही देवमाणूस होणार, त्या बिचाऱ्याला एवढंच समाधान.

हे मत इतकं सर्रास झालंय की त्याला विरोध करणारा कुस्तीतला अडाणी ठरतो. ठरू दे.

लांब कशाला जायचं? डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या दारात झाली, जालन्याच्या आझाद मैदानावर. अंतिम लढतीत एका बाजूला पुण्याचा अभिजीत कटके, आदल्या वर्षी भूगावला गदा घेतलेला. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख. कटके गादी विभाग जिंकून आलेला, बाला माती विभाग जिंकून. अंतिम लढत गादीवर, आणि बालाने ती ११-३ अशी मारली. ज्या गादीने मातीतले पैलवान संपवले म्हणून गळे काढले जातात, त्याच गादीवर मातीतून आलेल्या पोराने गतविजेत्याला हरवलं, तेही आपल्याच जिल्ह्याच्या डोळ्यांदेखत. यावर शौकिनांचं उत्तर तयार होतं : "आंधळकरांचा पठ्ठा हो! उगीच नाही!" आंधळकर तीनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात गेले होते. बाला न्यू मोतीबागेत घडला हे खरंच. पण त्यानंतर तो पुण्याच्या हनुमान आखाड्यात गणेश दांगट यांच्याकडे घाम गाळत होता, याची आठवण त्या हॉटेलात किती जणांनी काढली? जिंकण्याचं श्रेय गेलेल्या वस्तादाला आणि हरण्याचा दोष हजर असलेल्या वस्तादाला, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

बरं, पठ्ठा हरला की दोष वस्तादाचा, हे घटकाभर मान्य करू. ७ जानेवारी २०२०, पुण्याची बालेवाडी. महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच संकुलात उठणारे, एकाच पंगतीत जेवणारे. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला. तर त्या रात्री काका पवार थोर वस्ताद ठरले की टाकाऊ? जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला पुन्हा तेच. शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, दोघेही त्याच तालमीतले, आणि शिवराजने महेंद्रला चितपट केलं. आता सांगा, वस्ताद बदलायचा की ठेवायचा? अर्धा बदलायचा? बालेवाडीच्या लढतीनंतर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पोरांना जे कळतं ते शौकिनांना कळू नये?

आणि हे काका पवार आले कुठून? लातूर जिल्ह्यातून, बिराजदार मामांच्या हाताखालून. मामाही लातूरचेच, रामलिंग मुदगडचे. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादेत झाली आणि १९६९ मध्ये मामांनी लातूरच्या मैदानात गदा घेतली. मराठवाड्याला कुस्ती नवी नाही. २०११ मध्ये मामा गेले तेव्हा 'आता संपलं' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. पुढे काय झालं? मामांच्याच तालमीत वाढलेला बीड जिल्ह्यातला, पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. हा मुलगा वडिलांच्या हाताखाली सुरू झाला, मग मामांकडे गेला, मामांच्या मागे काका पवारांकडे आणि तिथून राष्ट्रीय शिबिरात. चार ठिकाणचे डोळे त्याच्यावर होते. त्यातला एकच डोळा निवडून बाकीच्यांना बेदखल करायचं, याला गुरुभक्ती नाही म्हणत, आळस म्हणतात. एका माणसाचं नाव घेणं सोपं, चौघांचं काम समजून घेणं अवघड.

सुवर्णकाळाचा विषय निघालाच आहे तर खाशाबा जाधवांपाशी थांबू, कारण जुन्या वस्तादांची थोरवी सांगताना त्यांचं नाव हमखास पुढे केलं जातं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांच्या सवयीची नव्हती. ती त्यांना शिकवली रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन माणसाने. ना तो कोल्हापूरचा, ना त्याने कधी थंडाई घोटलेली. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजींनी घातलेला पाया पक्का होता, म्हणून तो नवा थर त्यावर बसला आणि खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक. मातीतला पठ्ठा गादीवरच्या परक्या माणसाकडून शिकतो, हे आपल्या सर्वांत मोठ्या पैलवानाच्या चरित्रातच लिहिलेलं आहे; आपण फक्त पदकानंतरच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्यांचं पान वाचतो.

त्याच हेलसिंकीची दुसरी गोष्ट. जपानच्या इशीशी दमवणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लाबरोबर उतरवलं गेलं. नियमाने मधे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. ती मागायला, भांडायला तिथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. सुवर्ण-रौप्याच्या वाटेवर खाशाबांना वस्ताद कमी पडला नाही, वेळेवर पंचांसमोर उभा राहणारा माणूस कमी पडला. आणि त्यांना हेलसिंकीला पाठवलं कुणी? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते कर्ज फेडलं. तेव्हाचे वस्ताद आजच्यापेक्षा थोर होते का, यावर वाद घालता येईल. तेव्हाचे शौकीन आजच्यांपेक्षा थोर होते, यावर वादच नाही. आज घर राहू द्या, गावच्या तालमीच्या पत्र्याला पडलेलं भोक बुजवायला वर्गणी मागा आणि मग बघा कोण चहा अर्धा टाकून उठतो ते.

'गादीने मर्द संपवला' हे पालुपद तर कीव करण्याजोगं आहे. सत्तरच्या दशकात बिराजदार मामांनी बेळगावात दिल्लीच्या सतपालला आस्मान दाखवलं, ती कुस्ती आपण अजून सांगतो, पुढची पन्नास वर्षंही सांगू. हरलेल्या सतपालने मात्र सांगण्यात वेळ घालवला नाही. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर त्याने पोरं गोळा केली आणि गादी टाकली. तिथून सुशील कुमार २००८ ला कांस्य आणि २०१२ ला रौप्य, योगेश्वर दत्त २०१२ ला कांस्य, रवी दहिया टोकियोला रौप्य, अमन सेहरावत पॅरिसला कांस्य. आणि महाराष्ट्राला १९५२ नंतर कुस्तीत ऑलिम्पिक पदक नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक पदक आणलं ते थेट २०२४ मध्ये, तेही स्वप्नील कुसाळेने, आणि तेही रायफलने!

आता मला कोणी म्हणेल, "बघा, सतपाल हा वस्तादच ना? आम्हीही तेच म्हणतो." नाही, तुम्ही ते म्हणत नाही. सतपाल दिल्ली सरकारच्या खात्यात खेळाचा अधिकारी होता. त्याच्या हातात स्टेडियम होतं, राहायच्या खोल्या होत्या, बारा महिने अंथरलेली गादी होती, आणि राष्ट्रीय शिबिरात पोरांना व्लादिमिर मेस्तविरिश्विली हा जॉर्जियाचा प्रशिक्षक मिळत होता. आपण सतपाल मागतो आणि देतो काय? एक फावडं आणि एक मारुतीचा फोटो.

वस्तादाला मोल आहेच. पट काढायला वाकलेल्या पोराचं डोकं बाहेर राहिलं की काठावर बसलेला वस्ताद उठतो, दोन बोटांनी कान धरून ते डोकं समोरच्याच्या बरगडीशी आत आणून टेकवतो आणि परत जाऊन बसतो. एक शब्द बोलत नाही. त्या दोन बोटांना पर्याय नाही, हे मला मान्य आहे. पण त्या दोन बोटांनी खुराक विकत येत नाही, गुडघ्याचा दोरा तुटला तर शस्त्रक्रिया होत नाही, दोन संघटनांमधलं भांडण मिटत नाही.

या भांडणाबद्दल शौकीन गप्प का असतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, दुसरी संघटना उभी राहिली, प्रकरण कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले : फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. वजन कुठल्या काट्यावर द्यायचं आणि कुठल्या स्पर्धेची निवड धरली जाणार, हे ज्या पोराला कळत नाही त्याच्या हरण्याला वस्ताद जबाबदार? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराजने पंचांना लाथ मारली, महेंद्र अंतिम कुस्ती अर्धवट सोडून निघून गेला, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. ते वागणं वाईटच. पण लगेच सुरू झालं : "जुने वस्ताद असते तर ही हिंमत झाली नसती!" म्हणजे पंचांच्या निर्णयावर दाद मागायची सोय चोख आहे का, व्हिडिओ कधी तपासायचा आणि कुणी, हे विचारायचंच नाही. पाठ टेकली की नाही हा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, तो आपण संस्कारांवर ढकलला की संयोजक मोकळे.

खरी गंमत गदेच्या वेडात आहे. महाराष्ट्र केसरीचा किताब खुल्या गटाचा, ८६ ते १२५ किलोंचा. खाशाबांना कांस्य मिळालं ५७ किलोच्या गटात. राहुल आवारेची पदकं ५७ आणि ६१ किलोत. म्हणजे आपल्या मातीने जगासमोर नेऊन उभे केलेले हे दोन मल्ल आजच्या गदेच्या वजनातच बसत नाहीत! मग जिल्ह्याजिल्ह्यात होतं काय, तर पोरगं हलकं, चपळ, पटात वाघ असलं तरी घरचे आणि गावचे दोघेही त्याला वाढवायच्या मागे लागतात. दूध वाढव, तूप वाढव, शंभरी गाठ. गदा गावात आली पाहिजे ना! आणि तो फुगलेला पोरगा तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत धापा टाकायला लागला की पुन्हा वस्तादाच्या नावाने खडे. जत्रेतही तोच न्याय. शेवटच्या कुस्तीला लाखाचं इनाम, ते बाहेरून आणलेल्या नावाजलेल्या जोडीला; गावच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या दुपारच्या उन्हात, हलगीवाल्याचा हातही गरम व्हायच्या आत, रेवड्यांवर उरकून टाकायच्या. त्यातलाच एखादा पुढे कुणीतरी होणार असतो. त्याची कुस्ती बघायला माणूस संध्याकाळी पाचच्या आधी येत नाही.

आणि मुली? मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. ज्या सुवर्णकाळासाठी आपण उसासे टाकतो त्या काळात तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईचा पाय पडू देत नव्हते. त्या परंपरेतले वस्ताद परत आणायचे म्हणता, तर तो उंबराही परत आणायचा का? निम्म्या पोरांना दाराबाहेर ठेवणाऱ्या काळाला सुवर्णकाळ म्हणायला निदान आवाज तरी थोडा खाली घ्यावा.

राहिला आपला जिल्हा. समर्थ रामदास जन्मले जांबला, आपल्या घनसावंगी तालुक्यात. त्यांनी स्थापलेले अकरा मारुती मात्र सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात. तेव्हापासून आपला बळाचा कारभार तिकडेच चाललाय असं थट्टेने म्हणता येईल. पण आजचा पैलवान तिकडे जातो तो परंपरेने नाही, नाइलाजाने. जाफराबादचं, मंठ्याचं चौदा वर्षांचं पोरगं लंगोट आणि तुपाचा डबा पिशवीत घालून पुण्याच्या एसटीत बसतं, कारण इथे त्याच्या वजनाची जोड मिळत नाही. बाप कपाशीच्या पैशातून महिन्याचा खुराक पाठवतो; पाऊस फिरला की खुराक बंद, पोरगं परत. या हिशेबात 'इथला वस्ताद कच्चा' हे वाक्य कुठे बसतं, ते मला कुणी दाखवून द्यावं.

आणि इथला वस्ताद असतो तरी कसा? दिवसा शेत किंवा दुकान, पहाटे तालीम. माती तोच उकरतो, ताक, तेल, हळद, लिंबू तोच घालतो, बहुतेकदा आपल्या खिशातून. त्याला मानधन नाही. स्पर्धेला पोरं न्यायची तर गाडीभाडं त्याचं. पोरगं जिंकलं की बॅनरवर नेत्याचा फोटो मोठा, सरपंचाचा मधला, वस्तादाचा कोपऱ्यात, जागा उरली तर. हरलं की मात्र पुढच्या ओळीतून नाव घेऊन शिवी. त्याच्याच तालुक्याच्या गावी सरकारी योजनेतून आलेली गादी एका खोलीत गुंडाळून पडलेली असते. प्लास्टिकसुद्धा पुरतं काढलेलं नसतं, एका टोकाला उंदराने कुरतडलेली. खोलीला कुलूप. वस्ताद किल्ली मागून मागून थकतो आणि पोरांना मातीतच दुहेरी पट शिकवतो. मग तीच पोरं विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा गादीवर पाय ठेवतात, घसरतात, बारा-शून्यने हरून घरी येतात. तेवढ्यात हॉटेलात निकाल लागलेला असतो.

तेव्हा गांधी चमनच्या जाणकारांनो, आंधळकर आणि बिराजदार मामांची नावं घ्या, खुशाल घ्या, पण आजच्या माणसाला झोडपायची काठी म्हणून घेऊ नका. वस्ताद बदलायचाच असेल तर तोही बदला. त्याच्या जागी दुसरा आणा, तिसरा आणा, कोल्हापूरहून आणा, जॉर्जियाहून आणा. मात्र तो पहाटे चारला येऊन उभा राहील तेव्हा त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती त्याला कोण आणून देणार, एवढं आधी सांगा. त्याचं उत्तर नसेल तर हरलेल्या प्रत्येक कुस्तीच्या खाली वस्तादाचं नाही, आपलं नाव लिहा.